तीन यंत्रांची पूजा

चंद्रावरच्या वस्तीत बोगद्यातली हवा तीन यंत्रं तपासत. आज तिन्ही ‘हवा उत्तम’ म्हणत होती, आणि काचेपलीकडे मल्हारी आडवा पडला होता.

“राखीव हवा सोडा, भाऊजी!” त्याची बायको गिरिजा ओरडली.

“वहिनी, ती सगळ्या वस्तीची हवा आहे,” पहाऱ्यावरचे रणदिवे म्हणाले. “तीन यंत्रं, तीन कारखान्यांची. तिन्ही एकदम चुकायला लाख वर्षं लागतील. डुलकी लागली असेल त्याला.”

गिरिजाचा चेहरा एकदम उतरला. “काल खंडेनवमी होती. मीच तिन्ही यंत्रांची पूजा केली. त्यांच्या हवा ओढायच्या जाळीवर हळदीचा लेप दिला, चांगला जाड.”

रणदिव्यांनी राखीव हवेचा दांडा ओढला. हवेचा लोट घोंगावत आत शिरला. बऱ्याच वेळानं मल्हारीचं बोट हललं.

तिन्ही यंत्रं अजूनही एकमतानं सांगत होती, हवा उत्तम.