साडूचा सल्ला

माझ्या साडूला दोन वर्षांत वेगाचा एकही दंड झाला नव्हता आणि हे तो दर भेटीत सांगायचा. मी औषधांची व्हॅन चालवतो. मला महिन्याला एक तरी नोटीस यायची. बायको मला काही बोलायची नाही, नुसती त्याच्याकडे कौतुकाने बघायची. तेच जास्त लागायचं.

शेवटी मी विचारलंच, "तुझ्या गाडीतलं ते कॅमेरा ओळखणारं यंत्र खरंच घेण्यासारखं आहे का?"

"डोळे झाकून घे," तो म्हणाला. "आजच घे."

मी त्याच्यापेक्षा भारीतलं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळ्या रस्त्यावर ते वाजू लागलं. कॅमेरा कुठेच नव्हता. कॅमेऱ्याची दिशा दाखवणारा पडद्यावरचा बाण माझ्या सीटकडे वळला होता. मी वेग कमी केला, गाडी थांबवली, वायर उपटली. आवाज थांबेना.

यंत्र हातात घेऊन तसाच साडूकडे गेलो. त्याने दारातूनच यंत्राकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"तुझं कधी असं वाजलं होतं?"

"दोन वर्षं. गाडीत बसलो की वाजायचं," तो हळूच म्हणाला. "तू घेतलंस, तेव्हा थांबलं."

मी यंत्र उंबऱ्यावर ठेवलं आणि वळसा घालून पलीकडे गेलो. बाण सावकाश माझ्याबरोबर फिरला.