बोटभर जागा

कच्. दुपारच्या सामसुमीत कात्री वाजली आणि दुर्रियानं दोन्ही पाय झग्याखाली ओढून घेतले.

"आजी, तिला सांग, मी माप देणार नाही."

'ती' म्हणजे बहीजा. दोरा हातात धरून समोरच बसलेली, हातभर अंतरावर. दुर्रियाच्या बापाची दुसरी बायको होऊन ती हिवाळ्यात या घरात आली, तेव्हापासून ही सात वर्षांची पोर तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भूक लागली तरी आजीमार्फत. वेणी घट्ट झाली तरी आजीमार्फत.

"मी काय तुमच्यातली टपालवाली आहे?" मसूर निवडता निवडता तिची आजी, हाज्जा, करवादली. "पाय दे, नाहीतर ईदेला अनवाणी हिंड कोंबडीसारखी!"

दुर्रिया फणकाऱ्यानं उठली, हौदात पाय बुडवले आणि अंगणभर ओली पावलं उमटवत लिंबाच्या झाडामागे जाऊन बसली. बहीजा हसली. झटकन एका पावलावर वाकून तिनं दोरा ताणला, सुकायच्या आत टाच ते अंगठा माप धरलं. मग पुढे आपलं एक बोट आडवं ठेवलं आणि त्याच्यापलीकडे गाठ मारली.

झाडामागून आवाज आला, "आजी, तिला विचार, ते बोट कशाला?"

"हाज्जा, तिला सांगा, वाढत्या पायाला बोटभर जागा ठेवायची असते. माझी आई माझ्या जोड्यांत ठेवायची. गेल्या ईदेलासुद्धा ठेवली होती."

"ऐकलंस ना? मी पुन्हा सांगणार नाही," हाज्जा म्हणाली.

अलेप्पोच्या मोचीबाजारात घरंदाज बायका जात नसत. त्यांच्या पायांचे दोरे जात. बहीजानं हाज्जाचा निळा आणि दुर्रियाचा पांढरा दोरा दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.

"आणि तुझा?" हाज्जानं विचारलं.

"माझे लग्नातले आहेत की."

लग्नातले जोडे टाचेला चावत होते. चिंधी बांधून ती दिवस ढकलत होती. पण काल आलेल्या सुनेनं आज जोडे मागायचे कसे? ती भिंतीला टेकली, दुखरा पाय लांब सोडला आणि तिथंच तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा खिळा रिकामा होता. नवरा, बक्री, दोरे घेऊन बाजाराला गेलासुद्धा होता.

संध्याकाळी गाढव दारात उभं राहिलं आणि घराला एकदम जाग आली. तांदळाचं पोतं आलं. निळ्या कागदात गुंडाळलेली, उंच टोपीसारखी साखरेची ढेप आली, तुपाचा बुधला आला, तमालाच्या वासाचा साबण आला. झग्यांसाठी पट्ट्यापट्ट्यांचं रेशीम आलं. हाज्जानं ते गालाला लावून पाहिलं आणि महाग आहे म्हणून बक्रीला रागावली, पण हातातून काही खाली ठेवलं नाही. मग लाल कातड्याचे जोडे निघाले. प्रत्येक जोडाला त्याचा त्याचा दोरा बांधलेला.

एक जोड. दुसरा जोड. आणि तिसरा.

"हा कुणाचा रे?" हाज्जानं डोळे बारीक केले.

"मला काय ठाऊक! खिळ्याला तीन दोरे होते, मी तीन दिले."

"दोन होते!"

"अम्मा, मला मोजता येतं."

तिसऱ्या जोडाचा दोरा हिरवा होता. बहीजानं तो बोटांत धरला. रोज सकाळी ती ज्या फितीनं दुर्रियाची वेणी बांधायची, त्या फितीतून उसवलेला होता तो. तिनं मान वळवली. लिंबाच्या झाडाशी दुर्रिया अर्धी वेणी सुटलेली अशी उभी होती, श्वास रोखून.

बहीजानं चिंधी बांधलेला पाय हळूच जोड्यात घातला. टाचेला काही लागलं नाही. पण पाऊल टाकताच जोडा फटक् वाजला.

"सैल!" हाज्जानं कपाळाला हात लावला. "मेल्या मोच्याला दिसेनासं झालंय! बक्री, उद्या परत कर."

"परत नाही करायचा!"

दुर्रिया धावत आली. फरशीवर गुडघे टेकून तिनं बहीजाच्या अंगठ्यापुढे जोड्यावर बोट आडवं दाबलं. बरोबर मावलं. आणि आजीकडे एकदाही न बघता तिनं मान वर केली.

"जागा मी मुद्दाम ठेवलीय. तू अजून वाढणार आहेस ना?"