बाळंतिणीच्या लाडवातला वाटा

"ताई, लाडवात मनुका हाईत. कुत्र्याला नगा घालू," बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या हौसामावशी म्हणाल्या होत्या. "मावशी, मी बीएस्सी झालेय," मी हसून म्हटलं. डिंकाच्या लाडवांनी माझी कंबर सुधारत होती, मग बारा वर्षांच्या भुऱ्याचे आखडलेले पाय का सुधारू नयेत? रोज अर्धा लाडू त्याच्या दूधभातात कुस्करायचे.

पाचव्या दिवशी तो ओकायला लागला आणि उठेचना. बाळ अंगावर पीत होतं, नवरा परगावी. मावशींनीच भुऱ्याला चादरीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेलं, सलाइन संपेपर्यंत तिथंच बसल्या. "मनुका कुत्र्यांना विषारी असतात. अजून उशीर झाला असता तर किडन्या गेल्या असत्या," डॉक्टर फोनवर म्हणाले.

भुऱ्या वाचला. आता डॉक्टरांना विचारूनच त्याच्या भातावर बिनमिठाचं हाडांचं सूप घालते.

मावशींची माफी मागितली, तर म्हणाल्या, "चुकलात खऱ्या, पर त्याचं दुखणं तुमाला दिसलं तरी. बाळ आल्यावर मानसं कुत्र्याला इसरत्यात."

तुमच्याकडे नवं बाळ असेल, तर घरातला तो जुना मुका जीव आज जेवलाय का, नीट उठतोय का, जरा बघून या ना.