सत्तावीसवर आणा

बारकीच्या ताटातला अर्धा भात दुकानदारानं उचलून परत पातेल्यात टाकला. त्या जागी काकडीचे चार काप ठेवले आणि म्हणाला, "सोमवार जवळ आलाय."

बारकी त्याची पोर, आठ वर्षांची. ती काकडी चावत बसली.

वस्तीतल्या आरोग्य केंद्रात दर सोमवारी पोरांची वजनं व्हायची. जड पोरांना वेळीच आवरलं तर पुढे साखरेचा आजार लागत नाही, असा तो कार्यक्रम होता. पहिल्याच सोमवारी निम्मी गल्ली यादीत आली. केंद्रातली ताईसुद्धा चक्रावली होती. एका खोलीत सहा-सहा माणसं राहणारी ही घरं, इथली पोरं इतकी जड कशी? बारकी तीस किलो भरली. सत्तावीसवर आणा, असा निरोप आला.

दुकानदारानं तो निरोप मनावर घेतला. त्याच्या बायकोला साखरेनंच नेलं होतं. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग ती. शेवटी तिनं एवढंच मागितलं होतं, माझ्या पोरीचं असं होऊ देऊ नका.

तेव्हापासून त्याला सगळ्यांचा राग यायचा. डॉक्टरांचा, वाढदिवसाला केक वाटणाऱ्यांचा, नवऱ्याबरोबर सामान न्यायला येणाऱ्या बायकांचा. स्वतःच्याच दुकानाच्या दारात लटकणाऱ्या चिप्सच्या माळांचाही यायचा, पण त्या काही तो काढत नव्हता.

दुकान सोडता येत नाही म्हणून सोमवारी बारकीला शेजारची मावशी न्यायची. केंद्राची पायरी तो कधी चढलाच नव्हता.

"पोरीच्या पाठीची हाडं मोजता येतात रे," मावशी म्हणाली. "अजून काय सोलणार आहेस तिचं?"

"काटा खोटं बोलत नाही, मावशी."

"हे तू सांगतोस? तुझ्याकडचा किलो माझ्या घरी पोचेपर्यंत वाळतो."

हा टोमणा ती वर्षानुवर्षं मारत आली होती आणि तो हसून सोडून द्यायचा. आता हसला नाही. गल्ल्यावरच्या नव्या काट्याकडे बोट करून म्हणाला, यात आकडे दिसतात, डोळे असतील तर वाच. मागल्या वर्षी वजनं तपासणारा साहेब बाजारात फिरायला लागला, तेव्हा त्यानं हा नवा काटा घेतला होता. पोती तोलायचं जुनं धूड भंगारात देऊन टाक, असं बायकोला सांगितलं होतं.

मावशी पुटपुटत गेली. जाताना बारकीच्या हातात तिनं एक केळं दिलं. दुकानदारानं ते काढून घेतलं आणि विकायच्या टोपलीत ठेवलं.

सोमवारी बारकी बरोबर सत्तावीस भरली. केंद्रात टाळ्या वाजल्या, ताईनं तिच्या फ्रॉकला कागदाची चांदणी लावली. ती चांदणी दाखवत बारकी दुकानात आली.

"बाबा, आज सगळा भात?"

"उद्यापासून," तो म्हणाला. पहिल्याच दिवशी वाढलं तर सगळं पाण्यात जाईल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या जिन्यात कोसळली.

दवाखान्यात तिला सलाईन लावली. डॉक्टरनं वजन करून विचारलं, घरात हिला जेवायला घालता की नाही. चोवीस किलो तीनशे ग्रॅम.

"काल सत्तावीस होती," दुकानदार म्हणाला.

"मग तुमचा कालचा काटा खोटा आहे. तिथं तीस दाखवत होता तेव्हा ही पोर सत्तावीसचीच असणार. हिला कमी करायचं काही कारणच नव्हतं."

मावशीला पोरीजवळ बसवून तो निघाला. दुकान उघडंच राहिलं होतं, त्याच्यासमोरून तो न बघता गेला. केंद्रात सोमवारी वजन राहून गेलेल्या पोरांच्या रांगेतून वाट काढत थेट ताईसमोर उभा राहिला.

"तुमचा काटा खोटा आहे. तीन महिने मी माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढला. तुमच्या चांदणीसाठी. आणि या सगळ्यांनी पण तेच केलं." त्यानं रांगेकडे हात केला. "खोटा काटा ठेवला तर तुरुंग असतो. ठाऊक आहे ना? मी तुम्हाला आत घालीन."

बारकी कशी आहे, हे ताईनं आधी विचारलं. मग म्हणाली, "आम्हाला वरून काटा मिळालाच नव्हता, भाऊ. हा तर वहिनींनी दिलेला. भंगारात कशाला घालू, पोरांच्या कामी येईल, म्हणाल्या. त्यांनीच रिक्षातून आणून दिला."

पोरांनी घाबरू नये म्हणून काट्यावर अस्वलांच्या चित्रांचं कापड शिवून घातलेलं होतं. ताईनं ते ओढून काढलं.

हिरवा रंग, कोपऱ्यात पोत्याच्या हुकाचा पोचा. दुकानदार गुडघ्यावर बसला आणि त्यानं मागच्या पत्र्यावर बोटं फिरवली. तिथं चार स्क्रू होते, तीन काळे आणि एक पितळी. नऊ किलोचे दहा दिसावेत म्हणून आतली स्प्रिंग बदलली, तेव्हा चौथा काळा स्क्रू त्याच्याच हातून हरवला होता.