दाजींचा पेला

"मूत मागायला आलास? तेही माझं?" लिसांद्रोने विचारलं, आणि ते सगळ्या टोळीला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

एवेलियोने मान खाली घातली. साखर कारखान्याच्या फाटकासमोर रांग लागली होती. ऊसतोडीला घेण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासत होते. पट्टीचा रंग पालटला की त्या माणसाचा हंगाम तिथेच संपला. एवेलियोची कंबर गेला महिनाभर ठणकत होती. त्याच्या बापाचीही अशीच ठणकायची. भर उन्हात ऊस तोडता तोडता बापाच्या किडन्या गेल्या. दुखतंय हे तो कुणाला बोललाच नाही, आणि बोलला तेव्हा पाद्रीबाबाला बोलवायची वेळ आली होती. त्या मुलखात याचं कुणाला नवल नव्हतं. गावात बायका म्हाताऱ्या व्हायच्या, पुरुषांना तेवढी सवड मिळत नसे.

लिसांद्रो टोळीचा मुकादम होता. मुकादमांची तपासणी नव्हती, पण कोयता तोही चालवायचा आणि त्याच्याइतका ऊस कुणी पाडत नसे. बैलासारखा गडी. कुणी पाणी प्यायला थांबलं की 'दूध पाजू का?' म्हणून विचारायचा. सावलीत बसलेल्याच्या अंगावर चिपाडं फेकायचा.

आणि हाच एवेलियोच्या बहिणीचा, नुबियाचा, नवरा. नुबियाचे पुढचे दोन दात त्याने मुठीने पाडले होते. एवेलियो एकदा जाब विचारायला गेला, तर त्या रात्री पुन्हा नुबियालाच मार बसला. तेव्हापासून एवेलियो मुकाट 'दाजी, दाजी' करायचा. मनात मात्र रोज त्याची तिरडी बांधायचा.

"दाजी, एवढं करा," तो म्हणाला. "नाहीतर वर्षभर चूल पेटायची नाही."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते इथे अक्षरशः झालं. लिसांद्रोने बूट पुढे केले. साऱ्या टोळीदेखत एवेलियोने गुडघ्यावर बसून त्यांचा चिखल स्वतःच्या सदऱ्याने पुसला. टोळी खिदळली. मग लिसांद्रो प्लॅस्टिकचा पेला घेऊन संडासाकडे गेला आणि काठोकाठ भरून परत आला.

"धर. अस्सल माल आहे. सांडलास तर परत नाही मिळायचा."

आंब्याखाली टेबल मांडून आलेयदाबाई बसल्या होत्या. वयस्कर नर्स, तोंडाने फटकळ. त्यांनी पेल्यात पट्टी बुडवली. बघितली. दुसरी बुडवली. दोन्ही पट्ट्या गर्द हिरव्या झाल्या. बाईंनी चष्मा काढला.

"बापाचंच उचललंस की रे," त्या म्हणाल्या. "ऐक आता. रक्त तपासून घेऊ, पण माझे केस या टेबलाशी पिकलेत, मला दिसतंय. आज ऊन सोडलंस, पाणी प्यायलास, औषध घेतलंस, तर नातवंडं खेळवशील. कोयता धरलास तर ईस्टरच्या आत बायको काळे कपडे घालील."

रांगेत हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. एवेलियो जागचा हलला नाही. त्याच्या स्वतःच्या अंगात काय होतं ते देव जाणे. पेल्यात होतं ते दाजींचं होतं.

त्याने मागे पाहिलं. एकटा लिसांद्रो हसत नव्हता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. तो तरातरा जवळ आला, एवेलियोचा दंड धरला आणि कानाशी लागला.

"तोंड उघडलंस तर इथेच कापीन," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चिरकला. "ही पोरं काय म्हणतील मला?"

आलेयदाबाईंनी लिसांद्रोला दटावून रांगेबाहेर घालवलं. पण त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. टेबलावरून पुढे वाकून त्या हळू आवाजात बोलल्या. "खरं सांग. हे तुझंच आहे ना? दर हंगामाला एखादा दीडशहाणा दुसऱ्याचं घेऊन येतो. तसं असेल तर मी तुला ओरडणार नाही. दुसरा पेला देते, तुझी तपासणी नव्याने करते. पण त्या दुसऱ्या माणसाला मला आजच थांबवलं पाहिजे. उद्या नाही, आज. नाव सांग."

नाव जिभेवर आलं होतं. एवढं एक नाव घेतलं की लिसांद्रो वाचत होता, आणि आपली कंबर साधीच दुखत असली तर आपल्याला कामही मिळत होतं. दाजी मग घरी बसले असते. सावलीत, दिवसभर, वर्षानुवर्षं. आणि नुबिया त्यांच्या हाताच्या अंतरावर.

"माझंच आहे," एवेलियो म्हणाला.

बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्याला उद्या रक्त द्यायला यायला सांगितलं. पुढच्या माणसाला हाक गेली. तिकडे टोळीच्या ट्रकने भोंगा वाजवला. लिसांद्रोने कोयता उचलला. दोन पावलं गेला, थांबला, माघारी आला. एवेलियोच्या खांद्यावर त्याने हात ठेवला. इतक्या वर्षांत तो हात असा हलका कधी पडला नव्हता. त्याचे डोळे चक्क भरून आले होते.

"उपकार झाले, मेव्हण्या," तो म्हणाला. "तू माझी लाज राखलीस."

"निघा, दाजी," एवेलियो म्हणाला. "ऊन वाया जातंय."