दहा मिनिटं

"बीपीचं मशीन अजून पातळ हवं," साहेब म्हणाले.

सुलक्षणा सांगून सांगून दमली होती. "आतल्या पंपाला सहा व्होल्ट लागतात. दीड-दीडचे चार पेन्सिल सेल घातले की जाडी येणारच."

"मग चार्जिंगची बॅटरी बसवा. सेल कोण काढत-घालत बसतं?"

सुलक्षणाची आई बसायची. बाबांचं बीपी बघायला ती रोज सकाळी रेडिओतले तीन सेल काढायची आणि चौथा भिंतीवरच्या घड्याळातला. तेवढ्यात घड्याळ दहा मिनिटं मागे पडायचं. रात्री बाबा कुरकुरत काटे जुळवायचे.

सेलची जागा काढून टाकलेला नवा आराखडा देऊन ती संध्याकाळी घरी पोचली. घड्याळात सात वाजले होते.

"सात दहा झाले," ती सवयीने म्हणाली.

"सातच," आई म्हणाली. "हे गेल्यापासून घड्याळ बरोबर चालतंय."