उन्हाची जागा

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कमरेवरचे गोल चट्टे पाहिले आणि मी दाखवायला नेलेली मलमाची ट्यूब सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. "मेडिकलवाल्याला विचारून आणलीत ना? याने खाज दबते आणि नायटा पसरत जातो. परकर कुठे वाळत घालता?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्याच म्हणाल्या, "आत, मोरीवरच्या दोरीवर. वरून साडी टाकून. बायकांचे कपडे बाहेर कसे घालायचे?"

"उन्हातच घाला, उलटे करून. नाहीतर माझी औषधं फुकट जातील. आणि चट्टे दिसेनासे झाले तरी मी सांगेपर्यंत गोळ्या थांबवायच्या नाहीत."

थंडीत आमच्या अंगणात ऊन येतं ते एकाच कोपऱ्यात, आणि तिथे सासऱ्यांची खुर्ची असते. मी आशाच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्या हातातला ओला परकर घेतला, उलटा केला आणि थेट सासऱ्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर पसरला. "डॉक्टरांनी सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. मला मान वर करवेना. सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, खुर्ची उचलली आणि पलीकडे सावलीत, दोरीकडे पाठ करून बसले.

चट्टे केव्हाच गेले. पुन्हा थंडी आली आहे. मी रोज म्हणते, "बाबा, आता तरी उन्हात बसा."

ते शाल घट्ट ओढून घेतात. "तुझे कपडे वाळू देत आधी."